त्यात एक कुत्रं आहे

“हे नव्हे,” नीलकंठराव म्हणाले आणि पुस्तक टेबलावर ठेवलं.

शारदाबाईंनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. आठ सेकंद. आठ सेकंदांत या माणसानं शत्रूच्या मुलखात उतरलेले चौदा छत्रीधारी जवान आणि त्यांनी सोडवून आणलेले सगळे कैदी निकालात काढले होते.

“अहो नीलकंठजी, निदान पहिलं पान तरी उघडा!”

“नको. दुसरं दाखवा.”

हा तिसरा दिवस. रेल्वेतून गार्ड म्हणून निवृत्त झालेले नीलकंठराव सोमवारी वाचनालयात उगवले ते एकच मागणी घेऊन. कमांडो जातात आणि अडकलेल्यांना सोडवून आणतात, असं पुस्तक हवं. नाव ठाऊक नाही, लेखक ठाऊक नाही. हवंय बायकोला. कमळाबाई दिवाळीपासून अंथरुणाला खिळल्या होत्या, आता थोडेच दिवस, असं डॉक्टरांनी सांगून टाकलं होतं, आणि त्यांनी मागितलं काय, तर हे. पूर्वी घरी यायचं म्हणे. इथूनच नेलेलं.

मरणाच्या दारातल्या बाईची इच्छा म्हटल्यावर शारदाबाईंनी कंबर कसली. झाशीत मराठी वाचणारी घरं बोटांवर मोजण्याइतकी, पण लष्करी पुस्तकांचं कपाट मात्र गच्च भरलेलं. छावनीतून बदलून गेलेल्या एका मेजरसाहेबांची कृपा. कपाटाची किल्ली शारदाबाईंच्या कमरेला, त्यामुळे एकेक पुस्तक त्याच काढून देत होत्या आणि वर मनापासून शिफारसही करत होत्या. हे घ्या, यात पळवलेलं विमान सोडवतात. हे घ्या, यात पाणबुडे बंदरात शिरतात. आणि हे तर न्याच, वाचताना माझा चहा दोनदा गार झाला.

नीलकंठराव प्रत्येक पुस्तक मागून उघडत, क्षणभर बघत आणि परत करत. शेवट आधी वाचणाऱ्या माणसांचा शारदाबाईंना पहिल्यापासून राग होता.

“सुटतात हो सगळे शेवटी,” त्या वैतागून म्हणाल्या. “न्या की एखादं. फक्त कार्डावर सही तुम्हालाच करावी लागेल. इथं ज्यानं न्यायचं त्यानंच नाव लिहायचं. शेंबड्या पोरांनाही मी सोडत नाही.”

“ठाऊक आहे,” नीलकंठराव म्हणाले. त्यांनी हातातल्या पुस्तकाच्या मागच्या खिशातलं कार्ड अर्धवट वर काढलं, त्यावरून अंगठा फिरवला आणि परत खाली सारलं.

शारदाबाईंना ते लागलं. “मळकी आहेत, दिसतंय मला. वीस-वीस वर्षांची कार्डं आहेत ही.”

“मळकी आहेत खरी,” म्हणून नीलकंठराव उठले.

रेल्वेवाल्यांची ही टापटीप! घरी बायको शेवटच्या घटका मोजतेय आणि हे कार्डांवरचे डाग बघताहेत. शारदाबाई संध्याकाळपर्यंत धुसफुसत राहिल्या.

गुरुवारी नीलकंठराव धापा टाकत आले. “कमळाला आठवलं. त्यात एक कुत्रं आहे. शेवटचा जवान त्याला खांद्यावर घेऊन येतो.”

शारदाबाईंनी कपाळावर हात मारला. “हे सोमवारी नाही सांगायचं? चार दिवस माझा दिमाग खाल्लात!”

“तिला आजच आठवलं हो.”

“ते पुस्तक कपाटात नाहीच. पानं निखळली म्हणून सिपरी बाजारात जिल्दवाल्याकडे बांधणीला दिलंय. उद्या या. आणि कमळावहिनींना सांगा, मिळालं म्हणून.”

नीलकंठरावांनी हात जोडले. मग कमळाबाईंना सांगायला लगबगीनं घरी गेले.

शारदाबाई दुपारीच जिल्दवाल्याकडे गेल्या, त्याला चार शब्द सुनावले आणि पुस्तक घेऊन आल्या. छान निळं कापड लावलं होतं. मग त्यांच्या डोक्यात काय आलं कुणास ठाऊक, त्यांनी कपाटातली सगळीच पुस्तकं टेबलावर घेतली आणि वाचनालय बंद व्हायच्या आत सगळ्यांची कार्डं बदलून टाकली. नाक मुरडायला जागाच ठेवायची नाही या माणसाला.

शुक्रवारी धुकं इतकं की समोरचा रस्ता दिसेना. नीलकंठराव कानटोपी घालून कुडकुडत आत आले.

“आधी अंगीठीपाशी बसा. हात शेका,” शारदाबाई म्हणाल्या. निखारे मंदावले होते. त्यांनी टेबलाखालच्या टोपलीत हात घातला आणि जुन्या कार्डांची शेवटची मूठ शेगडीत टाकली. जाळ वर आला.

नीलकंठरावांनी दोन्ही हात पुढे केले. “बरं वाटलं,” ते म्हणाले. पाच दिवसांत ते पहिल्यांदाच हसले होते.

“हे घ्या तुमचं पुस्तक. एकशे बाराव्या पानावर कुत्रं. मी स्वतः पाहिलंय.”

नीलकंठरावांनी ते हातात घेतलं. त्यांनी पुस्तक मागून उघडलं. खिशातलं पांढरंशुभ्र कार्ड बाहेर काढलं, उलटसुलट केलं. खिशात बोट घालून पाहिलं. मग पुस्तक उपडं धरून झटकलं.

“आता काय राहिलं?” शारदाबाईंचा आवाज चढला.

“यातलं जुनं कार्ड?”

“बदललं. तुमच्यामुळेच बदललं! दोन्ही बाजूंनी भरलेलं होतं. कुणा एका मुलीनं नऊदा नेलं होतं हे पुस्तक.”

“अकरा वेळा,” नीलकंठराव म्हणाले. “आमच्या भानूनं. ती गेली तेव्हा कमळा बघून बघून रडेल म्हणून तिच्या वह्या, चिठ्ठ्या, सगळं मीच बेतवेच्या पात्रात सोडून आलो. आता कमळा म्हणते, पोरीचं अक्षर एकदा दाखवा. कुठं ठेवलंत हो ते कार्ड?”