कमळांचा हौद

"साहेबाची चूक दिसली की नजर खाली करावी गं पोरी, नोकरी टिकते." आईचा हा आवाज कानात जपत ती सात वर्षं अभयारण्याच्या विश्रामगृहात झाडू मारत आली होती.

आज मोठ्या साहेबांनी सगळ्या कामगारांना व्हरांड्यात उभं केलं. दोन पाहुणे तापाने फणफणून परतले होते. भिंतीवर 'डासमुक्त अभयारण्य' हा पुरस्कार लटकत होता, पण डासांनी तो वाचलेला दिसत नव्हता. समोर साहेबांचा लाडका हौद होता, कमळं डुलत होती. त्याला हात लावायची कुणालाच परवानगी नव्हती.

"तुमच्या चाळीत डास पैदा होतात," साहेब म्हणाले. "मडकी काय, पिंपं काय, जिथे तिथे पाणी साठवता. आठ दिवसांत खोल्या रिकाम्या करा."

तिच्या खोलीत तिचा वनरक्षक नवरा होता. गस्तीवर असताना हिवताप डोक्यात गेला आणि तो मरता मरता वाचला. मच्छरदाण्या फक्त पाहुण्यांना मिळत. कालच तो दवाखान्यातून परतला होता. अजून त्याला धड उभंही राहता येत नव्हतं.

"आणि तू गं? महिनाभर कुठे उलथली होतीस?"

तिने नजर वर केली.

"नवऱ्याच्या उशाशी होते, साहेब. म्हणून तर डास झाले. सात वर्षं रोज, तुम्ही उठायच्या आत, तुमच्या हौदातल्या अळ्या मीच काढत होते. तुमच्या चहाच्या गाळणीने."