कॅप्टनची खुर्ची
त्या रविवारी मालवाहू जहाजांवरचे निवृत्त कॅप्टन असलेले बाबा ब्रिस्टलच्या घरी संत्रं सोलत आयपॅडवर पनामा कालव्यातली जहाजं लाइव्ह बघत होते. “एवढासा देश, पण तिथे कॅप्टनचं चालत नाही. जहाज त्यांच्या पायलटच्या, म्हणजे कालव्यातल्या वाटाड्याच्या ताब्यात द्यायचं.” “तुम्ही गप्प उभे राहायचात? आईला पटणार नाही,” मी म्हटलं. ते हसले. सोमवारी बाबा गेले. अंत्यविधीच्या आदल्या दिवशी पनामाहून एका निवृत्त पायलटचा व्हिडिओ कॉल आला. “कालवा अमेरिकेकडून आमच्या हातात आला, तेव्हा यांना जमणार नाही असं सगळे म्हणायचे. मी तर नवखा. तुझ्या बाबांनी मला जहाज चालवायच्या खोलीत, ब्रिजवर, स्वतःच्या खुर्चीत बसवलं आणि आपल्या माणसांना सांगितलं, ‘आता यांचंच ऐकायचं.’” कॉल संपल्यावर बाबांच्या फोटोसमोर उभी राहिले. आमच्या घरात असं बोलायची पद्धत नव्हती. तरी मोठ्याने म्हणाले, “बाबा, मला तुमचा अभिमान वाटतो. लहानपणापासून.”