बारावा हंस

ग्रंथाच्या प्रकाशन समारंभात पडद्यावर माझंच रेखाटन आलं. यादवकालीन मंदिराच्या पायथ्याची हंसांची पट्टी, तीन उन्हाळे उकिडवं बसून मी काढलेली. सरांनी लेझरचा लाल ठिपका एकेका हंसावर टेकवला. "मोजा. अकरा! म्हणजे अकरा रुद्र. मंदिर शैवांचंच होतं, हाच माझ्या ग्रंथाचा कणा आहे."

टाळ्या पडल्या. मुखपृष्ठावर फक्त सरांचं नाव होतं. आतही माझं कुठे नव्हतं. ऋणनिर्देश मी दोनदा वाचला होता.

अकरा ही माझीच चूक. बारावा हंस कोपऱ्यात, शेजारच्या मारुतीच्या शेंदराखाली बुजला होता. गुरवीणबाईंनी माझं बोट धरून तो चाचपायला लावला, तोवर सर कागद घेऊन गेले होते. मी सरांना दोन पत्रं लिहिली. एकाचंही उत्तर आलं नाही.

"कुणाला काही विचारायचंय?" निवेदिकेनं म्हटलं आणि मी उठले.

"सर, हंस बारा आहेत. शेंदराखालचा एक मोजायचा राहिलाय."

पहिल्या रांगेतले कुलगुरू वळून बघायला लागले. मला वाटलं, आता हे अडकले.

सर जराही गडबडले नाहीत. चष्मा काढून, पुसून, हसत म्हणाले, "असेल, असेल. त्याचं काय आहे, ही रेखाटनं माझी नाहीतच."

मग माझ्याकडे हात करून, त्यांच्या हाताखाली काढलेल्या सात वर्षांत पहिल्यांदाच, त्यांनी चारचौघांत माझं पूर्ण नाव घेतलं.