मागची बाजू

“मागून कोण बघतंय? पुढून रंगव आणि मोकळा हो!” पार्कचे मालक हेंद्रेशेठ सगळ्या कामगारांसमोर माझ्यावर खेकसले.

मी एवढंच म्हणालो होतो, “शेठ, पाटीवर थीम पार्क लिहिलंय. मग किल्ला चारही बाजूंनी किल्ला दिसायला हवा. पुढून चकाचक आणि मागे बांबू, हे गणपतीच्या देखाव्यात चालतं.”

“तू देखावेवालाच ना? मग मला शिकवू नकोस.”

उद्घाटनाच्या फलकावर ‘शिल्पकार’ म्हणून नाव लागलं त्यांच्या मेव्हण्याचं. मी पुढची बाजू जीव ओतून रंगवली. उरलेल्या रंगात मागचीही.

मागची बाजू झाकायला शेठनी पत्र्यांचं कुंपण ठोकून घेतलं होतं, पण आकाशपाळणा पत्र्यांपेक्षा उंच जातो हे ते विसरले. उद्घाटनाला पाहुण्यांना घेऊन स्वतःच त्यात बसले. पाळणेवाला माझ्या गावचा. त्याने बरोबर टोकावर नेऊन पाळणा थांबवला.

वरून आधी हशा आला, मग शेठच्या शिव्या. किल्ल्याच्या पाठीवर पुरुषभर उंचीच्या अक्षरांत मी लिहिलं होतं: ‘मागून कोण बघतंय? आपला नम्र, हेंद्रेशेठ.’