माळ्याचा उतारा

वैष्णवी एकदाही अडखळली नाही. उताऱ्याच्या पहिल्या दोन ओळी तिने सरळ म्हणून टाकल्या, तेव्हा कुठे समोर बसलेल्या प्रियदर्शनीने रोखून धरलेला श्वास सोडला.

कर्वेनगरातल्या संस्थेची वरच्या मजल्यावरची खोली. टेबलाच्या एका बाजूला नऊ वर्षांची वैष्णवी, दुसऱ्या बाजूला प्रियदर्शनी, आणि कोपऱ्यात बाहेरून आलेले परीक्षक देवधर. लिहिण्या-वाचण्यात अडणाऱ्या मुलांना शिकवण्याच्या अभ्यासक्रमाची ही शेवटची परीक्षा होती. परीक्षकांसमोर एका मुलाला प्रत्यक्ष शिकवून दाखवायचं. फसलं तर पुन्हा वर्षभराने. कोथरूडच्या एका शाळेने प्रियदर्शनीसाठी जागा धरून ठेवली होती, पण ती निकालापर्यंतच. वर्षभर कोणी थांबणार नव्हतं.

अकरा वर्षं तिने हिंजवडीत सॉफ्टवेअर तपासण्याचं काम केलं होतं. मंदीत कंपनीने दोनशे जणांना एका दिवसात घरी पाठवलं, त्यात तीही होती. अडतिसाव्या वर्षी दुसऱ्यांदा घरी बसण्याची तिची तयारी नव्हती. म्हणून या परीक्षेलाही ती जुन्याच सवयीने भिडली. एकच चाचणी, पुन्हा पुन्हा, चूक शून्यावर येईपर्यंत. उतारा ज्याचा त्याने निवडायचा, अशी पद्धत होती. तालीम सगळेच करत. संस्थेत त्याला कोणी लबाडी म्हणत नसे. प्रियदर्शनीने माळ्याचा उतारा वैष्णवीकडून एकोणीस वेळा करून घेतला होता. पहिल्या वेळी बावीस चुका. काल एकही नाही.

सकाळी बाहेरच्या बाकावर वैष्णवीचे वडील सोनबा हेल्मेट मांडीवर घेऊन बसले होते. “बाई, काळजी करू नका,” ते म्हणाले. “पोरगी झोपंतबी धडा म्हनती. लई तयारी हाय.” तेवढ्याने तिला धीर आला होता.

“वाळलेली पानं तो गोळा करतो,” वैष्णवी म्हणाली. “हं, पुढे.”

प्रियदर्शनीने चमकून पाहिलं. ‘हं, पुढे’ हे शब्द उताऱ्यात नव्हते. ते तिचे स्वतःचे होते. दर तालमीत, बरोबर याच जागी, ती ते म्हणत आली होती.

वैष्णवीचं बोट अजून दुसऱ्या ओळीवर होतं. तोंड पाचव्या ओळीवर पोचलं होतं. “मुलं बागेत खेळायला येतात. शाब्बास, घाई नको. ती फुलं तोडत नाहीत.”

देवधर मान खाली घालून लिहीत होते. त्यांच्या लक्षात आलं की नाही, कळत नव्हतं. उताऱ्याच्या तीन ओळी उरल्या होत्या. तीन ओळी गप्प बसायचं, एवढंच. उतारा बिनचूक पार पडला, असा शेरा येईल. कोथरूडची जागा मिळेल. आणि वैष्णवीच्या कागदावर ‘आता वाचते’ असं लिहून तिला पाचवीत ढकलतील. तिथे माळ्याचा उतारा नसेल.

वैष्णवीने आणखी एक ओळ म्हणून टाकली. दोन ओळी उरल्या.

“वैष्णवी, थांब.”

“चुकलं?” पोरीचा चेहरा पडला.

“तुझं नाही गं. माझं चुकलं.” तिने उतारा पालथा घातला आणि कोपऱ्याकडे वळली. “सर, एक वाक्य लिहून द्याल? कुठलंही. मलाही माहीत नसलेलं.”

“का हो? छान चाललं होतं,” देवधर म्हणाले. “मला तर मधूनमधून तुमचाही आवाज ऐकू येत होता.”

प्रियदर्शनीचे कान तापले. देवधरांनी एका कागदावर मोठ्या अक्षरांत एक ओळ लिहिली आणि कागद टेबलावर सरकवला. ‘विहिरीपाशी म्हैस उभी आहे.’

वैष्णवीने पहिल्या शब्दाकडे पाहिलं. मग पंख्याकडे पाहिलं. मग प्रियदर्शनीच्या ओठांकडे. ते मिटलेले होते.

“विमान,” ती म्हणाली. प्रियदर्शनीने नकारार्थी मान हलवली. वैष्णवीने पुढच्या शब्दावर उडी मारली. “म्हातारी.” पुन्हा मान हलली. पोरीचे डोळे भरले. बाहेर सोनबा खोकले. एक मिनिट गेलं, मग दुसरं. शब्द प्रियदर्शनीच्या जिभेवर येऊन बसला होता. तो गिळायला तिला नखं तळहातात रुतवावी लागली. वैष्णवीला शिकवायला घेतल्यापासूनच्या पाच महिन्यांत इतका वेळ ती एकदाही गप्प बसली नव्हती.

तिने पहिल्या शब्दावर तळहात ठेवला, पालथा उतारा उचलला आणि त्याने उरलेली ओळ झाकली. दुसऱ्या शब्दाचं पहिलं अक्षर तेवढं उघडं ठेवलं.

“म्ह…” वैष्णवीने डोळे पुसले आणि वाकून पाहिलं. “म्है…”

प्रियदर्शनीने कागद एका अक्षराने सरकवला.

“स.” वैष्णवीचे ओठ दोनदा मुके हलले. मग ती एकदम ओरडली, “म्हैस! बाई, म्हैस हाय ही! आमच्यात दोन हायत!”

देवधरांनी पेन उचललं आणि गुणपत्रिकेवर काहीतरी खोडलं. संपलं, प्रियदर्शनीला वाटलं. तिने न राहवून मान उंच केली. गुणांच्या रकान्यांना त्यांनी हात लावला नव्हता. पाठ सुरू झाल्याची वेळ तेवढी खोडली होती. दहा पंचावन्न. त्यांनी घड्याळात पाहिलं आणि तिथे लिहिलं, अकरा पाच.