मंगळवारची रात्र

“काका, संगणक बंद करून पुन्हा सुरू केलात का?”

“तीन वेळा.”

“मग चौथ्यांदा नको. त्यालाही वय आहे.”

फोनवर सोनाली होती. पत्रिका जुळवण्याचा प्रोग्राम महिपतरावांनी ज्या दुकानातून घेतला होता, तेथे ती दुरुस्तीचे काम पाहत असे. कालच्या अपडेटनंतर संगणकावर सर्व काही जागच्या जागी होते. केवळ तोच प्रोग्राम नाहीसा झाला होता. त्यात बावीस वर्षांच्या अकराशे पत्रिका होत्या. विदर्भातून पुण्यास आलेल्या कुटुंबांसाठी महिपतराव वारज्यातील आपल्या राहत्या घरातून वधू-वर सूचक मंडळ विनामूल्य चालवीत. त्या पत्रिका हीच त्यांच्या आयुष्याची कमाई होती.

सोनालीने आपल्या जागेवरूनच त्यांचा संगणक ताब्यात घेतला. पडद्यावरचा बाण आपोआप फिरू लागला. शस्त्रक्रियेच्या खोलीबाहेर नातलगाने बसावे, तसे महिपतराव हात मांडीवर ठेवून बसून राहिले.

“सापडला,” ती म्हणाली. “अपडेटने जुना पसारा एका फोल्डरमध्ये ढकललाय. प्रोग्राम पुन्हा टाकलाय. पत्रिकांची फाईल बिघडली होती, तीही दुरुस्त केलीय. फक्त एक आहे, दुरुस्तीत पूर्वी पुसलेल्या नोंदीसुद्धा परत येतात. नको त्या पुन्हा पुसा.”

“मी आजवर एकही नोंद पुसलेली नाही.”

“एक तर पुसलीय, काका. उत्कर्षा नाव दोनदा दिसतंय. एक ठेवा, एक काढा.”

फोन बंद झाला. उत्कर्षा ही महिपतरावांची एकुलती एक कन्या. वय चाळीस, अविवाहित, बँकेत नोकरीस. त्यांनी चष्मा पुसून दोन्ही नोंदी वाचल्या. पहिली त्यांनी स्वतः केलेली होती: सात तारीख, मंगळवार, रात्री दोन वाजून दहा मिनिटे. दुसरी त्यांनी केलेली नव्हती: आठ तारीख, बुधवार. वेळ तीच.

त्यांना प्रथम हसू आले. मुलगी मंगळवारची, याचे साक्षीदार ते स्वतः होते. वर्ध्याच्या इस्पितळाच्या व्हरांड्यात त्या रात्री ते उभेच होते. अद्याप उजाडलेले नव्हते, म्हणजे मंगळवारच चालू होता. त्यांच्या घरात दिवस सूर्योदयालाच बदलत आला होता. त्यांच्या पत्नी द्वारकाबाईंनीही शेवटच्या आजारापर्यंत लेकीचा उल्लेख “माझी मंगळवारची पोर” असाच केला.

परंतु संगणकाचा दिवस मध्यरात्री बदलतो. हे ते इतरांना शेकडो वेळा समजावून सांगत आले होते. जन्मदाखला आणल्याशिवाय त्यांनी कोणाचीही पत्रिका मांडली नव्हती. एकट्या उत्कर्षाचा दाखला त्यांनी पाहिला नव्हता. स्वतः हजर असलेल्या माणसाला दाखला कशासाठी हवा?

ते उठले. कपाटातून दाखला काढला. त्यावर आठ तारीख होती.

चौदा वर्षांपूर्वी तेजसचे स्थळ आले होते. स्थळ म्हणणेही बरोबर नव्हे. तो उत्कर्षाच्या मनातलाच मुलगा होता. महिपतरावांनी दोन्ही पत्रिका जुळवल्या आणि पडद्यावर एकनाडीचा दोष उमटला. त्यांनी नकार कळवला. पुढच्या आठवड्यात तेजस एकटाच दारात येऊन उभा राहिला होता.

“काका, एकदा पुन्हा तपासून बघा ना.”

“संगणक चुकत नसतो,” महिपतराव म्हणाले होते. पाण्याचा पेला घेऊन आलेली उत्कर्षा तेव्हा स्वयंपाकघराच्या दारातूनच मागे फिरली होती.

आता त्यांनी दुसरी नोंद उघडली. तिच्याखाली तेजसची पत्रिका जोडलेली होती. एका दिवसाने नक्षत्र बदलले होते. नाडी भिन्न. दोष नाही. विवाहास योग्य.

म्हणजे ही नोंद मुलीनेच केली होती आणि तिनेच पुसली होती; तिला सारे ठाऊक होते. केव्हा कळले असेल? फार उशिरा कळले असेल, त्याचे लग्न होऊन गेल्यावर, म्हणूनच ती बोलली नसेल, अशी त्यांनी मनाची समजूत घातली. मग त्यांची दृष्टी नोंद केल्याच्या तारखेवर गेली. चौदा वर्षांपूर्वीची एकोणीस जानेवारी. त्याच हिवाळ्यात तिने पासपोर्टसाठी जन्मदाखला मागून नेला होता.

बावीस जानेवारीला मंडळाचा मेळावा होता. भरल्या सभागृहात महिपतराव उभे राहिले होते आणि म्हणाले होते, “नियम माझ्या लेकीलाही वेगळा नाही.” टाळ्या कितीतरी वेळ थांबल्या नव्हत्या. त्या दिवसापासून लोक त्यांचा शब्द प्रमाण मानू लागले. पहिल्या रांगेत उत्कर्षा बसली होती. तीही टाळ्या वाजवीत होती.

तेजसचे लग्न वैशाखात झाले. हाती पुरते तीन महिने होते.

महिपतरावांनी आपण केलेली नोंद निवडली. ‘कायमची पुसायची?’ असे यंत्राने विचारले. त्यांनी होय म्हटले. दाखला घडी करून सदऱ्याच्या आतल्या खिशात ठेवला आणि ते बसून राहिले. खिडकीतले ऊन भिंतीवर वर सरकत गेले.

सहाच्या सुमारास उत्कर्षा बँकेतून आली. पर्स खुंटीला अडकवता अडकवता तिने विचारले, “मिळाला का तुमचा प्रोग्राम?”

“मिळाला. तुझी नोंद दोनदा आली होती. एक काढून टाकली.”

ती जवळ आली. खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून पडद्याकडे वाकली. तिथे तिचे नाव एकदाच होते, आणि नावापुढे आठ तारीख होती. तिने ती ओळ पुष्कळ वेळ वाचली. महिपतरावांचा हात आतल्या खिशातल्या दाखल्याकडे गेला. खुर्चीवरचा तिचा हात त्यांच्या खांद्यावर आला.

“चुकीची पुसलीत, बाबा,” ती म्हणाली. “मंगळवारचीच खरी होती.”