धुराचा मॅनिफोल्ड

नवरा गेला आणि त्याची अँबॅसेडर गाडी सुतक फिटायच्या आतच दीर गुणाजीने गुपचूप आपल्या खळ्यात नेऊन लावली, हे धोंडूबाई वर्षभर विसरली नव्हती. रत्नागिरीतलं नवऱ्याचं वर्कशॉप मात्र तिने सोडलं नव्हतं. एका दुपारी तिथेच गुणाजी त्या अँबॅसेडरचा धुराचा मॅनिफोल्ड, म्हणजे इंजिनाचा धूर बाहेर नेणारा बिडाचा नळजोड, घेऊन आला. “वैनी, हा वाकलाय. मशीनवर सपाट करून द्या.” कारागीर काशीराम म्हणाला, “हा एकटा घासून नाही चालत. पेट्रोल आत नेणारा मॅनिफोल्डही सोबतच घासायचा, दोन्ही एका पातळीत आले पाहिजेत, नि इंजिनावर बसवून बघायचे.” “मग गाडीच आणा की भावोजी,” धोंडूबाई गोड बोलली. गुणाजीने बंद अँबॅसेडर बैल जुंपून ओढत आणली. काशीरामने दोन्ही मॅनिफोल्ड घासून बसवले, इंजिन सुरू झालं, आणि गिऱ्हाइकांदेखत धोंडूबाईने चावी काढून कनवटीला खोचली. “तुम्ही गाडी गुपचूप नेलीत, मी चारचौघांत घेतली. आता चालत जा भावोजी, आणि वाटेत कुणी विचारलं तर खरं सांगा.”